नुकसान कोणाचे, अनुदान कोणाला?

उटनूरच्या डोंगराळ मुलखात पावसाळी झड लागून नाल्यांना पूर आला, की त्याची पहिली नोंद आमच्या शाळेच्या हजेरीपटावर होते. अशाच एका पुरानंतर आठवीतील एक गोंड विद्यार्थी आठवडाभर दिसला नाही. आम्ही त्याच्या शेतावर गेलो. बाप-लेक चिखलात लोळलेली कपाशी उभी करून मातीची भर देत होते. शेत मक्त्याचे, मालक आमच्याच मराठी समाजातील, वास्तव्यास शहरात. "गुरुजी, पंचनामा झाला, पण यादीत नाव मालकाचं लागलं," एवढेच तो बाप म्हणाला.

इंग्रजी अमदानीत १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी शेतकऱ्यास तगाई मिळे; पण ते कर्ज होते, व्याजासह फेडावे लागे. आजचे अनुदान फेडावयाचे नसते, ही प्रगतीच म्हणावयाची. पूर्वी निम्मे पीक गेल्यावाचून मदत नसे. २०१५ मध्ये ती अट ३३ टक्क्यांवर आली. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेला दर कोरडवाहूस हेक्टरी ८,५०० रुपये व ओलितास १७,००० रुपये, तोही दोन हेक्टरांपर्यंतच. तेलंगण शासनाने मार्च २०२३ च्या गारपिटीनंतर आणि सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीनंतर एकरी १०,००० रुपये जाहीर केले. २०२० मध्ये राज्य पंतप्रधान पीकविमा योजनेतून बाहेर पडल्याने या मदतीचे मोल अधिकच वाढले.

परंतु पैसा कागदाच्या वाटेने चालतो. पट्टा ज्याच्या नावे, रक्कम बहुधा त्याच्या खात्यात. बियाणे, खत, फवारणी यांसाठी सावकाराचे उंबरे झिजविणारा कसणारा मात्र कागदावर नसतोच. जंगलपट्टीत पट्ट्यावाचून पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्यांचीही हीच गत.

यावर उपाय अगदीच नाही असे नव्हे. अविभक्त आंध्रात २०११ साली परवानाधारक कसणाऱ्यांचा कायदा झाला. जमिनीवरील मालकी हक्कास धक्का न लावता कसणाऱ्यास ओळखपत्र द्यावे, हे त्याचे सूत्र. पंचनाम्याच्या वेळी बांधावर ग्रामस्थांसमक्ष कसणाऱ्याचे नाव लिहिले, तर मालकास भय बाळगण्याचे कारण नाही. कारण अनुदान जमिनीचे नसून बुडालेल्या पिकाचे असते.

कायदा राबेल तेव्हा राबो. तोवर आपल्या हाती काय आहे? आम्ही त्या मालकास जाऊन भेटलो. प्रथम ते म्हणाले, "मक्ताही बुडालाच की माझा!" त्यांचेही सर्वस्वी खोटे नव्हते. अखेर अनुदानातील निम्मी रक्कम त्यांनी दिली व उरलेला मक्ता पुढील हंगामावर ढकलला. हा पूर्ण न्याय नव्हे, हे आम्ही जाणतो. पण मुलगा सोमवारी वर्गात आला.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची वडिलोपार्जित शेते आज दुसरे कसतात. खात्यावर अशी रक्कम जमा झाली, तर ती खर्च करण्यापूर्वी त्या शेताच्या बांधावर एकवार जाऊन यावे, एवढीच आमची विनंती.