एका नंबरला दोन ‘हजर’

बाबांची डॉक्टरांशी व्हिडिओवर भेट ठरली होती. साखरेच्या नोंदींची वही समोर, चष्मा नाकावर. डॉक्टर इन्सुलिनच्या मात्रेबद्दल बोलू लागले आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. दहा युनिट म्हणाले की बारा, हे कोणालाच नीट ऐकू आलं नाही. फोनवर वायफायच्या दांड्या मात्र पूर्ण भरलेल्या! शेवटी साधा फोन लावून आकडा विचारून घेतला.

हे तिसऱ्यांदा घडलं होतं. इंटरनेटवाल्यांचा माणूस दोनदा येऊन ‘लाइन ओके आहे’ असं सांगून गेला होता आणि ते खरंच होतं. घोळ आमचाच होता. मागच्या खोलीत रेंज यावी म्हणून कपाटात पडून असलेला जुना राउटर आम्ही अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून जोडला होता. दोन्ही डब्यांचा कारखान्यातून आलेला आयपी पत्ता एकच होता : १९२.१६८.१.१.

असं होऊ शकतं, कारण हे पत्ते खासगी असतात. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. ती पुरणार नाही हे दिसू लागलं, तेव्हा काही पत्ते घरगुती आणि कार्यालयांतल्या जाळ्यांसाठी राखून ठेवले गेले. तेच आकडे तुमच्याकडेही चालतात आणि शेजाऱ्यांकडेही. एका घरात मात्र ते दोघांना देऊन चालत नाही.

फोनला बाहेर माहिती पाठवायची असते तेव्हा तो आधी जाळ्यात हाक मारतो, ‘१९२.१६८.१.१ कोण?’ ज्याचा तो पत्ता, तो यंत्र आपली कायमची ओळख, म्हणजे मॅक क्रमांक, कळवतं. वर्गातल्या हजेरीसारखंच हे. १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी मांडलेली ही रीत विश्वासावर चालते. उत्तर देणारा खरा की खोटा, हे कोणी तपासत नाही. आमच्या घरी एका हाकेला दोन ‘हजर’ येत होते. मुख्य राउटरचं उत्तर धरलं गेलं की डॉक्टर दिसत. जुन्या डब्याचं धरलं गेलं की माहिती त्याच्या दारात जाऊन पडे, कारण त्याला बाहेरची वाटच नव्हती. काही वेळाने फोन पुन्हा हाक मारी आणि सगळं आपोआप सुरळीत होई. दांड्या भरलेल्या दिसत, कारण त्या फक्त फोन आणि डबा यांच्यातल्या लहरींचा जोर दाखवतात. पुढच्या रस्त्याचं त्यांना काही ठाऊक नसतं.

बंद करून चालू केलं की बरं वाटतं, हीच यातली फसवी गोष्ट. नवी हजेरी होते, योग्य उत्तर मिळतं, आणि आपण दुखणं गेलं असं समजतो. लॅपटॉप निदान पत्त्याचा झगडा झाल्याची सूचना देऊ शकतो. बिनपडद्याचे हे डबे मुकाट भांडत राहतात.

ओळखायचं कसं? ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. कधी एका कंपनीचं पान उघडलं आणि कधी दुसऱ्या, तर निदान झालंच. किंवा जुन्या डब्याची पिन काढून अर्धा तास पाहा.

उपाय सोपा, पण क्रम चुकवू नका. जुना डबा जाळ्यातून सोडवून केबलने एकट्या लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपला पत्ता मिळाला नाही, तर तात्पुरता १९२.१६८.१.५० असा हाताने द्या. मग डब्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. हा आकडा मुख्य राउटर ज्या टप्प्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा हवा, नाहीतर उद्या तोच पत्ता एखाद्या मोबाइलला मिळेल आणि भांडण नव्याने सुरू होईल. वाटप १०० पासून सुरू असेल तर २ निर्धोक. जुन्या डब्यातलं वाटप, म्हणजे डीएचसीपी, बंद करा. घरात वाटणारा एकच असावा. शेवटी मुख्य राउटरकडून येणारी केबल त्याच्या लॅनच्या खाचेत लावा, वॅनच्या नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. टाचणी खुपसून रीसेट केलं की डबा पुन्हा मूळ पत्त्यावर जातो. आमच्या डब्याच्या पाठीवर आता बाबांच्या अक्षरात चिठ्ठी आहे : ‘पत्ता २. रीसेट करू नये.’