सटवाईचा लेख आणि तीन फासे

मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, ही समजूत आपल्याकडे घरोघरी परिचित आहे. तिच्यापुढे कोरा कागद व लेखणी ठेवण्याचा प्रघातही पुष्कळांनी पाहिला असेल. या समजुतीशी विलक्षण साम्य असलेला एक नियम अमेरिकेतील एका खेळात आढळतो. पात्ररचना शिकविणाऱ्या शिक्षकांस तो विचारार्ह वाटेल, म्हणून त्याचा परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. सारीपाटाप्रमाणे सोंगट्या घरी नेण्याची चढाओढ यात नसते. चार-सहा गडी एकत्र बसतात. प्रत्येकजण एकेका पात्राच्या मुखाने बोलतो आणि एक पंच त्यांच्यापुढे प्रसंग उभे करतो. प्रत्येक पात्राचे सहा गुण अंकांनी मोजलेले असतात : बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि इतरांवर पडणारी छाप. बुद्धी व शहाणपण वेगवेगळी मोजली आहेत, यातील मर्म मराठी माणसास सांगावयास नको. मूळ नियमाप्रमाणे पंचाने प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकावयाचे आणि बेरजा ठरलेल्या क्रमाने मांडावयाच्या. फासे टाकणेदेखील खेळाडूकडे नव्हते!

फासे तीनच का, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. एका फाशावर सर्व अंक सारखेच संभवतात. तीन फाशांच्या बेरजेचे तसे नाही. तीन फासे एकंदर २१६ प्रकारांनी पडतात. त्यांपैकी १८ ही बेरीज एकाच प्रकाराने येते, तशीच ३ हीही. परंतु १० आणि ११ या बेरजा प्रत्येकी २७ प्रकारांनी येतात. ९ ते १२ एवढ्यातच जवळजवळ निम्मी दाने संपतात. मध्यम माणसे विपुल, भीम विरळा आणि अगदी दुबळाही तितकाच विरळा, असे हे जग आहे.

पुढे ही कठोरता सैल झाली. १९७९ साली गायगॅक्स यांनीच पंचांसाठी लिहिलेल्या ग्रंथात निराळा मार्ग सुचविला : चार फासे टाकावे, सर्वांत लहान अंक सोडून द्यावा आणि बेरजा हव्या त्या गुणांस द्याव्या. यामुळे सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास गेली आणि १८ मिळण्याचा संभव साडेतीनपट झाला. २०१४ च्या आवृत्तीत तर फासे न टाकता प्रत्येकाने २७ अंकांची सारखीच पुंजी आपल्या इच्छेप्रमाणे खर्च करावी, असाही पर्याय आहे. एकाच दानामुळे एक गडी कायमचा वरचढ व दुसरा कायमचा लंगडा राहावा, हे खेळात खटकते. म्हणून या सुधारणांस आमचा आक्षेप नाही.

लेखनाच्या दृष्टीने मात्र जुना नियमच आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यास मोकळीक दिली की त्याचा नायक बलवान, बुद्धिमान आणि देखणाही होतो, आणि गोष्ट तेथेच खुंटते. त्याऐवजी वर्गात तीन फासे टाकून पाहावे. समजा, बळ १४, बुद्धी ९, शहाणपण १५, काटकपणा ७, चपळाई ११ आणि छाप ६ असे दान पडले. संत्र्याच्या बागेचा एक राखणदार डोळ्यांपुढे उभा राहतो : अंगात जोर आहे, पण दम लवकर लागतो, सांगतो ते खरे असते, पण त्याचे कोणी ऐकत नाही. गोष्ट सुरू झालीच!

रामाकोन्याच्या शिक्षकास हे फोड करून सांगण्याचे कारण नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. सीमेलगतच्या या मराठी घरांनी ते दान मागितले नव्हते. तरीही घरची मराठी आणि दप्तरातील हिंदी दोन्ही सांभाळीत त्यांनी आपला डाव मांडला. मिळालेल्या दानावर डाव कसा मांडावा, हेच आपण मुलांस शिकवू पाहतो. त्याचा पहिला पाठ तीन फाशांनीही देता येईल.