हरवलेली मोना लिसा आणि हौशी शोधक

हौशी गुप्तहेराची कथा आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचली असेल. चोरी होते, पोलीस गोंधळतात, आणि ज्याचा या धंद्याशीं कांहीं संबंध नाहीं असा एखादा गृहस्थ चोरावर नेमकें बोट ठेवतो. पुस्तक मिटून आपण म्हणतों, ‘हें सारें कादंबरींतच शोभतें!’ परंतु कलेच्या जगांत अशी एक हकीकत खरोखरीच घडली आहे. ती आज मी आपणांस सांगणार आहें.

सोमवार, ता. २१ ऑगस्ट १९११. पॅरिसचें लूव्र संग्रहालय त्या काळीं सोमवारीं बंद असे. त्या सकाळीं लिओनार्दो दा विंचीचें ‘मोना लिसा’ हें चित्र भिंतीवरून नाहींसें झालें. नवल असें कीं, दिवसभर त्याबद्दल कोणीं हाकाटी केली नाहीं. रिकामी जागा दिसली, तरी चित्र फोटो काढण्यासाठीं नेलें असेल अशी पहारेकऱ्यांनीं समजूत करून घेतली. मंगळवारीं लुई बेरू नांवाचा चित्रकार तेथें कामासाठीं आला. त्याला मात्र ती रिकामी जागा स्वस्थ बसूं देईना. त्यानें पहारेकऱ्यास चौकशी करावयास पाठविलें, तेव्हां चित्र फोटोग्राफरकडे नाहीं असें कळलें! चोरी उघडकीस आली ती अशी.

पुढें पोलिसांची धांवपळ सुरू झाली. जिन्यांत चित्राची चौकट व कांच सांपडली. कांचेवर अंगठ्याचा ठसा होता. पूर्वीच्या एका अटकेमुळें चोराची नोंद पोलिसांच्या दप्तरांत होतीहि. परंतु तें दप्तर शरीराच्या मापांप्रमाणें लावलेलें. नुसत्या ठशावरून माणूस हुडकण्याची सोय त्यांत नव्हती. सप्टेंबरमध्यें अपोलिनेर या कवीस कांहीं दिवस तुरुंगांत ठेवलें, पिकासो या तरुण चित्रकाराची जबानी घेतली, आणि दोघेहि निर्दोष ठरले. खरा चोर विन्चेंझो पेरुजा हा लूव्रमध्यें चित्रांना कांचा बसविण्याच्या कामावर पूर्वीं असलेला इटालियन कारागीर. पोलीस त्याच्याशींहि बोलून गेले. आणि चित्र तर त्याच्या पॅरिसमधील बिऱ्हाडींच होतें!

दोन वर्षें उलटलीं. १९१३ च्या अखेरीस फ्लॉरेन्समधील आल्फ्रेदो जेरी या कलावस्तूंच्या व्यापाऱ्यास एक पत्र आलें. खालीं सही होती ‘लिओनार्दो’. वेड्याचें पत्र म्हणून दुसऱ्या कोणीं तें टाकून दिलें असतें. जेरीनें उफ्फिझी संग्रहालयाचे प्रमुख जोव्हान्नी पोज्जी यांचा सल्ला घेतला, आणि डिसेंबरमध्यें दोघेहि हॉटेलांतील एका खोलींत गेले. पेरुजानें पेटींतील कपडे, हत्यारें बाहेर काढलीं, खालची खोटी फळी उचलली, आणि आंतून मोना लिसा बाहेर आली.

आतां खरी कसोटी होती. तें हास्य पाहून दोघे भुलले नाहींत. त्यांनीं चित्र उलटें करून पाठीमागचा लूव्रचा शिक्का पाहिला. मग तपासणीच्या निमित्तानें चित्र उफ्फिझींत नेऊन त्यावरील भेगा जुन्या फोटोंशीं ताडून पाहिल्या. हें चित्र कापडावर नसून पॉप्लरच्या फळीवर आहे. लांकूड हवेप्रमाणें फुगतें व आकसतें, आणि त्याबरोबर रंगाच्या थरास बारीक भेगा पडतात. हास्याची नक्कल कुशल माणूस करील; परंतु चारशें वर्षांत उमटलेलें भेगांचें तें जाळें रेषेला रेष जुळवून कोण काढणार? भेगा जुळल्या, आणि पेरुजास हॉटेलांतच अटक झाली.

आपण हें चित्र देशप्रेमानें मायदेशीं आणलें, असें त्यानें सांगितलें. परंतु त्यासाठीं त्यानें पांच लाख लिरा मागितले होते. आणि तें चित्र फ्रान्समध्यें नेलें होतें स्वतः लिओनार्दोनेंच! पेरुजास अखेर सात महिन्यांची शिक्षा झाली. चित्र जानेवारी १९१४ मध्यें लूव्रमध्यें परत गेलें.

पोलिसांपाशीं माणसें होतीं, दप्तरें होतीं, अधिकार होता. ते चोराला शोधीत होते. बेरू, जेरी आणि पोज्जी यांपैकीं गुप्तहेर कोणीहि नव्हता. ते चित्राकडे पाहत होते, आणि पाहण्याची त्यांना संवय होती. एरवीं पाहिल्यासारखें करून आपण किती गोष्टींवरून पुढें जातों! आपल्याच दिवाणखान्यांतील एखादें चित्र उद्यां नाहींसें झालें, तर तें किती दिवसांनीं आपल्या ध्यानांत येईल, हें ज्याचें त्यानें मनाशीं विचारून पाहावें.