पेरणीपुरते पेरणी यंत्र

चिखली-मेहकर भागात पाच-सहा एकरवाल्याची सोयाबीन पेरणी दिवस-दीड दिवसात उरकते. त्यासाठी घेतलेले पेरणी यंत्र उरलेले वर्षभर गोठ्याशेजारी गंजत उभे असते, हप्ते मात्र थांबत नाहीत. अवजारे बँक यावरच उभी आहे. शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यंत्र घेते, दुरुस्ती आणि चालकही तिचाच. आपण फक्त काम विकत घेतो. बुलढाणा जिल्हा 2018 साली सुरू झालेल्या ‘पोकरा’ या राज्य सरकारच्या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पात आहे. त्यातून आणि कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून अशा बँकांना अनुदान मिळत आले आहे.

नाव नोंदवायचे ते मृगाच्या आधी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे चिखल नाही पण ओल आहे अशी जमीन झाली, की सगळ्या गावाला यंत्र एकाच वेळी हवे असते. समजा, यंत्राचे दिवसाला आठ एकर होतात आणि वाफसा पाच दिवस टिकतो. म्हणजे चाळीस एकर. नोंदी नव्वद एकरांच्या असतील तर निम्म्याहून अधिक लोक ताटकळणार. म्हणून ‘यंत्र आहे का’ यापेक्षा ‘माझ्या आधी किती एकर आहेत’ हे आपण विचारावे. पाळी ओळखीवर न लावता शिवारानुसार लावली, तर धुऱ्याला धुरा लागून काम होते आणि रस्त्यात वेळ जात नाही.

मग दर ठरवायचा. इथे घाई करू नये, कारण दर कशावर आहे त्यावर कामाची तऱ्हा ठरते. एकरावर असेल तर चालकाला घाई. तासावर असेल तर रेंगाळलेला वेळ आपल्या खिशातून जातो. मळणीचा दर बहुधा पोत्यावर असतो. यंत्र मध्येच बंद पडले तर तो खोळंबा यंत्रवाल्याचा, म्हणून ते नीट ठेवण्यात त्याचाच फायदा. 1962 साली ब्रिटनच्या ब्रिस्टल सिडली कंपनीने विमान इंजिनांची देखभाल उड्डाणाच्या तासामागे ठरीव दराने देऊ केली, त्यातही हेच गणित होते. मला तरी पेरणीला एकराचाच दर बरा वाटतो, पण खोलीची अट आधी बोलून घेऊन.

शेतात यंत्र उतरले की पहिल्या दहा पावलांवर ते थांबवा. माती बोटाने उकरून पाहा. सोयाबीनचे बी 3 ते 5 सेंटिमीटरवर हवे. त्याखाली गेले तर उगवण फसते आणि दुबार पेरणीचा खर्च आपल्या माथी येतो. सगळ्या नळ्यांतून बी पडते का, तेही तेव्हाच बघावे. बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडणारे यंत्र असेल, तर सऱ्यांतून जादा पाणी निघून जाते आणि खंड पडला तर ओल टिकते. त्यासाठी सऱ्या उताराला आडव्या पडायला हव्यात.

मळणीत सुडी ओलसर असताना घाई करू नका. घरचे बियाणे राखायचे असेल तर ते चालकाला आधीच सांगा. ढोलाच्या फेऱ्या मिनिटाला 400 च्या वर गेल्या की नाजूक साल तडकते. दाणा दिसायला चांगला असतो, पण पुढच्या जूनमध्ये उगवत नाही.

बँका बुडतात त्या बहुतेक स्वस्त दरामुळे. सभासदांना खूश ठेवायला डिझेल आणि चालकाची मजुरी निघेल एवढाच दर लावतात. तिसऱ्या हंगामात रोटाव्हेटरची पाती झिजतात, तेव्हा पेटी रिकामी असते. आपण सभासद असाल तर दरात झिजेचा वाटा धरायचा आग्रह धरा. हंगाम संपला की नोंदवही मागून घ्या. कोणते यंत्र किती एकर चालले, किती दिवस नादुरुस्त पडून होते आणि कोणाची पाळी हुकली, हे त्यात कळते. पुढच्या वर्षी दुसरे पेरणी यंत्र घ्यायचे की आहे त्याचेच सुटे भाग, हे ती वही पाहूनच ठरवावे.