दुर्मीळ नाणी : संग्राहकांची आणि आपली

जुनी नाणी जमविणे हा रिकाम्या वेळेचा आणि भरल्या खिशाचा छंद आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. ते पूर्ण खोटे नाही. पण नाणे ही केवळ श्रीमंतांच्या कपाटातली वस्तू नव्हे. ते कोणी पाडले, कोणाच्या हातून फिरले, कोणाच्या हाती कधीच पोहोचले नाही, हे प्रश्न विचारले की नाण्याच्या दोन बाजूंना समाजाची तिसरी बाजूही दिसू लागते. म्हणून संग्राहक ज्या नाण्यांची स्वप्ने पाहतात त्यांची ओळख करून घेताना आपला इतिहासही तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम नाणे दुर्मीळ कशाने होते ते पाहू. जुनेपणाने ते होत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची तांब्याची कितीतरी नाणी आजही थोड्या पैशांत मिळतात. नाणे दुर्मीळ होते ते मुळातच थोडे पाडले गेल्यामुळे किंवा पाडलेले वितळविले गेल्यामुळे. जहांगीर बादशहाने १६१३ साली आग्र्याला एक हजार तोळ्यांची, म्हणजे सुमारे बारा किलो वजनाची सोन्याची मोहर पाडविली. ती बाजारात चालविण्यासाठी नव्हती. बादशाही थोरवी मिरविण्यासाठी होती. १९८७ साली ती जिनिव्हाच्या लिलावात मांडली गेली. अमेरिकेने १९३३ साली वीस डॉलरची सोन्याची नाणी चार लाखांहून अधिक पाडली. पण त्याच वर्षी लोकांकडचे सोने सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला, आणि ही नाणी चलनात न येताच वितळविली गेली. त्यांतले खाजगी मालकीस कायद्याने मान्य असलेले एकच नाणे २०२१ साली जवळजवळ १ कोटी ८९ लाख डॉलरना विकले गेले. आपल्याकडे सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया असाच गाजलेला आहे. १९४० मध्ये रुपयातील चांदी शेकडा ९१.७ वरून शेकडा ५० वर आणली गेली. जास्त चांदीचे जुने रुपये आटवले गेले आणि १९३९ चा रुपया शोधूनही सापडेनासा झाला.

महाराष्ट्रातील संग्राहकाचे सर्वांत मोठे स्वप्न म्हणजे शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडले गेलेले हे नाणे अवघे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच ज्ञात आहेत. नकली मात्र बाजारात हवे तितके आहेत. याच राजाची तांब्याची शिवराई तेवढीच विपुल होती. ती महाराजांच्या मागे पेशवाईत पाडली गेली आणि इंग्रजी अंमलातही लोकांच्या व्यवहारात राहिली. होन दरबारात दिला जाई. शिवराई बाजारात, जत्रेत, कनवटीला असे. आज लाखांची बोली होनाला लागते. पण रयतेचा व्यवहार समजून घ्यायचा असेल तर झिजून अक्षरे पुसट झालेली शिवराईच अधिक बोलते.

दुर्मीळपणाही कायमचा नसतो. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी त्यात होती. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. जिंकलेल्या राजाचे नाणे आटविण्याऐवजी त्याच्या तोंडावरच स्वतःचे चिन्ह ठोकावे, असा हा प्रकार. सत्तांतर म्हणजे काय हे याहून स्पष्ट कोणत्या बखरीत सापडणार? पण संग्राहकाच्या दृष्टीने या साठ्याचा परिणाम वेगळा झाला. नहपानाचे नाणे एका दिवसात विपुल झाले. उद्याच्या कुदळीचा एक घाव आजची किंमत उतरवू शकतो.

याच नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, शिलालेख नाशिकच्या लेण्यात आहे. तो नाण्यांविषयी जे सांगतो ते कोणत्याही लिलावाच्या यादीत मिळणार नाही. भिक्षुसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. ती कोणा सावकाराकडे ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी परत मागायचे नाही, केवळ व्याज घ्यायचे. दोन हजारांच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत. हिशेब करून पाहा : दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळून २४०. एका पैशाची गफलत नाही. उषवदाताने ब्राह्मणांनाही मोठी दाने दिली, हेही त्याच लेखात आहे. पण हातमागावर राबणाऱ्यांच्या संघटनेवर राजघराण्याने आपली ठेव विश्वासाने सोपवावी, त्यांनी ती पेढीसारखी सांभाळावी आणि तिच्या व्याजातून संघाचे वस्त्र निघावे, ही व्यवस्था या भूमीत एके काळी होती. कष्टकऱ्याचा हात तेव्हा नाण्याला परका नव्हता.

तो परका केला तो पुढच्या समाजव्यवस्थेने. रत्नागिरी जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. येथे खोताचे राज्य होते. कूळ खोताला अर्धेल किंवा तिर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा धान्यात मोजून देई, आणि वर वेठ करी. महाराला गावकीच्या कामाबद्दल मिळे ते खळ्यावरचे पसा-मूठ धान्य आणि उरलेसुरले अन्न. रोख पैसा या व्यवहारात त्याच्या वाट्याला येतच नव्हता, आणि तो येऊ न देण्यातच या व्यवस्थेचे बळ होते. धान्य खाऊन संपते. पैसा साठवता येतो. तो घेऊन दुसऱ्या गावी जाता येते, मुलाला शाळेत घालता येते, नको त्या मालकाला नाही म्हणता येते. ज्याला बलुत्यावर ठेवले त्याला जागच्या जागी ठेवले. संग्राहकांना १९३९ चा रुपया दुर्मीळ वाटतो. आमच्या आजे-पणज्यांना कोणत्याही सालचा रुपया दुर्मीळ होता.

आणि हाती आलाच तर? दुकानदार तो खाली ठेवायला लावी, वर पाणी शिंपडी आणि मग उचली. पैशाचा विटाळ चार थेंबांनी जाई, देणाऱ्याचा मात्र जन्मभर जात नसे. धर्माची ही टाकसाळ मोठी हिशेबी होती. आमचे नाणे तिने कधी खोटे ठरविले नाही. आम्हाला तेवढे खोटे ठरविले.

या चौकटीला पहिली भेग पडली ती पलटणीच्या पगाराने. दापोलीत महार पेन्शनरांची वस्ती झाली. रोख पेन्शन घेणारा माणूस खोताच्या खळ्यावर हात पसरीत नाही. तो वाचतो, लिहितो, अर्ज करतो. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच दापोलीत राहिले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेले सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. दुसरी भेग पडली मुंबईच्या मजुरीने. गिरणीत विणकर खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, तरी जो काही पगार मिळे तो रोख होता, आणि त्यातून निघालेली मनीऑर्डर कोकणातल्या कितीतरी चुली पेटती ठेवी.

सुभेदारांच्या मुलाने पुढे रुपयाचीच चिकित्सा केली, हा योगायोग नव्हे. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १८९३ मध्ये चांदीच्या खुल्या पाडणीसाठी टाकसाळी बंद झाल्या, त्याच्या आधी आणि नंतर रुपयाचे काय झाले, याचा तो शोध आहे. रुपयाचा परदेशी चलनाशी असलेला दर टिकविण्यापेक्षा त्याची देशातील खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, आणि सरकारला मनमानी नाणी पाडण्याची मोकळीक असू नये, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. महागाईत पहिला चिरडला जातो तो मजुरीवर जगणारा, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्याच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. जमिनीतून साठा निघतो तो बहुधा पाया खणणाऱ्या किंवा विहीर उपसणाऱ्या मजुराच्या कुदळीला. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडला तर तो कलेक्टरला कळविणे बंधनकारक आहे. लपविल्यास हिस्सा जातो आणि शिक्षाही होते. पण तोच कायदा असेही सांगतो की, ठेवा बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल तर तीन-चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि एक-चतुर्थांश जागामालकाचा. सरकारने तो ठेवून घ्यायचा ठरविला तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. हा तीन-चतुर्थांश हक्क किती मजुरांना ठाऊक आहे? माहिती नसली की मालक किंवा सराफ मूठभर पैशांवर बोळवण करतो.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. जुने पाच-दहा रुपयांचे नाणे लाखांना घेतो, आधी ‘नोंदणी फी’ भरा, असे निरोप मोबाईलवर फिरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे की, असा व्यवहार ती करीत नाही आणि कोणाकडून फीही घेत नाही. बाबासाहेबांची प्रतिमा असलेला १९९० चा जन्मशताब्दीचा रुपया घरोघर जपलेला आहे. तो चलनासाठी मोठ्या संख्येने पाडला गेला होता. बाजारात त्याला भाव नाही. ६ डिसेंबर २०१५ रोजी प्रकाशित झालेले १२५ रुपयांचे नाणे मात्र संग्रहासाठीच होते.

पण भाव नाही म्हणून तो रुपया टाकून कोणी देत नाही. ज्या हाताकडून पैसा पाणी शिंपडून घेतला जाई, त्या हातांनी घडविलेल्या माणसाचा चेहरा देशाच्या टाकसाळीने नाण्यावर घेतला आणि तो प्रत्येक दुकानदाराने मुकाट्याने गल्ल्यात टाकला. ही नोंद आपल्या मुलांना माहीत असली पाहिजे. आपल्या घरच्या डब्यातील नाणी, पेन्शनीची पुस्तके, मनीऑर्डरच्या पावत्या, गिरणीचे पगारपत्रक हे सारे जपून, साल आणि गाव लिहून ठेवा. होन जपायला धनिक आणि संग्रहालये समर्थ आहेत. ही कागद-नाणी आपण जपली नाहीत तर दुसरे कोणी जपणार नाही.