विश्लेषण : कुंपण नसलेल्या जंगलात तंबू ठोकायचा? आफ्रिकेतील ‘ग्रुप कॅम्पिंग सफारी’ कशी असते?

आफ्रिकेची सफारी म्हटले की आलिशान लॉज आणि लाखांतील खर्च डोळ्यांसमोर येतो. मात्र त्याच जंगलांत जाण्याचा आणखी एक मार्ग आहे. दहा-वीस प्रवासी, एक उंच ट्रक आणि रोज आपल्याच हाताने उभारायचा तंबू. हा प्रवास तुलनेने स्वस्त असला, तरी तो नेहमीच्या सहलीपेक्षा अगदी वेगळा आहे. नोंदणी करण्यापूर्वी त्यातील शिस्त, धोके आणि छुपे खर्च समजून घेणे गरजेचे आहे.

ग्रुप कॅम्पिंग सफारी म्हणजे नेमके काय?

‘ओव्हरलँड’ या नावानेही हा प्रवास ओळखला जातो. मालवाहू ट्रकच्या सांगाड्यावर आसने, मोठ्या खिडक्या आणि सामानाचे कप्पे बसवलेले असतात. पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, शीतपेटी आणि तंबू याच गाडीतून जातात. सोबत वाटाड्या, चालक आणि बहुधा स्वयंपाकी असतो, काही वेळा दोघे मिळून ही तिन्ही कामे करतात. प्रवाशांनी तंबू उभारणे-आवरणे, भाजी चिरणे, भांडी घासणे ही कामे पाळीने करायची असतात. त्यामुळेच दर कमी राहतो. तंबू प्रत्येकी दोघांसाठी असतो. एकट्याला स्वतंत्र तंबू हवा असल्यास सहसा वेगळे पैसे मोजावे लागतात.

नेहमीचे मार्ग कोणते?

सर्वाधिक लोकप्रिय मार्ग केपटाउन ते व्हिक्टोरिया धबधबा हा आहे. सुमारे तीन आठवड्यांत दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना आणि झिम्बाब्वे असे चार देश होतात. वाटेत फिश नदीची घळ, सोसुस्व्लेईच्या तांबूस वाळूच्या टेकड्या, इटोशा, ओकावांगो आणि चोबे लागतात. इटोशा हे २२ हजार चौरस किलोमीटरहून मोठे उद्यान आहे. तेथील ओकाउकुएजो छावणीतील पाणवठ्यावर रात्री दिवे लावलेले असतात. कुंपणाआड बाकावर बसून पाण्यावर येणारे गेंडे पाहता येतात. ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीतील एक हजारावे स्थळ ठरला. तेथे ‘मोकोरो’ या अरुंद होडीतून फिरता येते. ती स्थानिक नावाडी लांब काठीने ढकलतात. वेळ कमी असल्यास जोहान्सबर्गहून क्रूगर राष्ट्रीय उद्यानाची चार-पाच दिवसांची सहलही करता येते.

तंबूत रात्र काढणे सुरक्षित असते का?

भारतातील व्याघ्र प्रकल्पात फेरी संपली की पर्यटक प्रवेशद्वाराबाहेर पडतो. क्रूगर आणि इटोशामध्ये उद्यानाच्या आतच मुक्काम करता येतो, पण छावण्यांना कुंपण असते आणि सूर्यास्तापूर्वी आत यावेच लागते. बोत्स्वानातील मोरेमी, सावुती किंवा झिम्बाब्वेतील माना पूल्समध्ये मात्र छावणीला कुंपण नसते. तरस, हत्ती, कधी सिंहही तंबूंमधून फिरतात.

बंद तंबू हा प्राण्यांना बहुधा एक अडथळा वाटतो, भक्ष्य नव्हे. धोका वाढतो तो माणसाच्या वागण्याने. उकडते म्हणून तंबूची चेन उघडी ठेवून झोपणे, आत फळे किंवा फराळाचे पदार्थ ठेवणे, रात्री एकट्याने स्वच्छतागृहाकडे जाणे या तीन गोष्टी कटाक्षाने टाळायच्या असतात. माना पूल्समध्ये संत्री-मोसंबी नेण्यासच बंदी आहे, कारण त्यांच्या वासाने हत्ती येतात. पाणघोडे रात्री चरण्यासाठी जमिनीवर येतात. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहणे जीवघेणे ठरू शकते. बूट रात्री तंबूत ठेवावेत आणि सकाळी झटकून घालावेत, कारण त्यांत विंचू शिरतात. वाटाड्याने पहिल्या संध्याकाळी दिलेल्या सूचना अक्षरशः पाळणे, हाच खरा विमा.

दिवस कसा जातो? हा प्रवास कोणासाठी नाही?

पहाटे पाचला उठून अंधारात तंबू आवरणे, मग काही दिवस चारशे-पाचशे किलोमीटरचा प्रवास. त्यातला बराच खडीच्या रस्त्यांवरून होतो. प्राणी रोज दिसतीलच असे नाही. जमिनीवर बसणे-उठणे कठीण जाणाऱ्यांनी किंवा पाठीचा त्रास असणाऱ्यांनी नीट विचार करावा. काही ठिकाणी तंबूऐवजी खोली मिळणारे पर्यायही असतात. कठीण सुटकेसऐवजी मऊ पिशवी, डोक्याला लावायची विजेरी आणि ऊबदार कपडे आवश्यक. जेवणात मांसाचा, विशेषतः निखाऱ्यांवर भाजलेल्या ‘ब्राय’चा मान मोठा. शाकाहारी असल्यास नोंदणी करतानाच सांगावे. जैन जेवण हवे असल्यास लेखी होकार घ्यावा.

कधी जावे?

मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. पाणी आटते, गवत खुजे होते आणि प्राणी पाणवठ्यांवर येतात. अंगोलातील पावसाचे पाणी ओकावांगोत पोहोचते तेही याच काळात. त्यामुळे आपल्याकडे पावसाळा असताना तेथे सफारीचा ऐन हंगाम असतो. मात्र जून-जुलैत कलहारी परिसरात रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांना कडक ऊन सोसावे लागते. तेव्हा व्हिक्टोरिया धबधब्यालाही पाणी कमी असते, झाम्बियाच्या बाजूला तर फारच कमी.

व्हिसा आणि लशीचे काय?

भारतीयांना दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधीच घ्यावा लागतो. इतर देशांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते बदलतात. त्यामुळे प्रत्येक देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करावी. सहल संपवून परतीच्या विमानासाठी पुन्हा जोहान्सबर्गला यायचे असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागू शकतो. ही बाब अनेकांच्या शेवटी लक्षात येते.

नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाताना तेथे बारा तासांहून अधिक थांबा असल्यास दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मागते. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. क्रूगर, ओकावांगो, चोबे आणि व्हिक्टोरिया धबधबा परिसरात हिवतापाचा धोका आहे. प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बोत्स्वाना आणि नामिबियात लाळ्या-खुरकूत रोग रोखण्यासाठी पशुवैद्यकीय तपासणी नाके आहेत. तेथे कच्चे मांस जप्त होते आणि बुटांचे तळ जंतुनाशकात बुडवावे लागतात.

खर्च कुठे वाढतो?

जाहिरातीतील रकमेत विमान, व्हिसा, विमा, पेये आणि बक्षिसी सहसा नसते. काही कंपन्या स्थानिक शुल्क वेगळे घेतात. झोपण्याची पिशवी आपली न्यावी लागते किंवा भाड्याने घ्यावी लागते. मोकोरो, रात्रीची सफारी, विमानातून दर्शन यांपैकी काय समाविष्ट आहे, हे लेखी विचारावे. दुर्गम भागातून विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च विम्यात आहे ना, हे आधी तपासावे. त्यात काटकसर करू नये. नामिबियात दक्षिण आफ्रिकेचा रँड चालतो, त्यामुळे तेथे वेगळे चलन लागत नाही.

स्थानिकांना काय मिळते?

हा प्रश्न सफारी निवडतानाच विचारायला हवा. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून गावसमूहांना वन्यजीव आणि पर्यटनातून उत्पन्न घेण्याचा हक्क दिला. आज अशी ८६ संवर्धन क्षेत्रे देशाच्या सुमारे एक पंचमांश भूभागावर आहेत. बोत्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. पर्यटकाला ते वैभव वाटते, पण शेत तुडवले गेलेल्या शेतकऱ्यासाठी ते संकट असते. विदर्भात वाघांच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. जंगलातून गावाला मिळकत झाली, तरच गाव हत्तीला सोसते. म्हणून मुक्काम गावसमूहाच्या छावणीत आहे का, नावाडी आणि वाटाडे स्थानिक आहेत का, हे नोंदणीपूर्वी कंपनीला विचारावे. स्वस्त सहल आणि योग्य सहल यांतला फरक त्या उत्तरांतून कळतो.