वळणं मोजणारी पावलं

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरून मंडईकडे निघालेली माणसं तुळशीबागेच्या बाजारातून का जातात? काही घ्यायचं असतं म्हणून, असं आपण म्हणतो. पण ज्यांना काहीच घ्यायचं नसतं तीही तिथूनच जातात, आणि पलीकडे निघेपर्यंत पिशवीत टिकल्यांचं पाकीट नाहीतर भातुकलीतला तवा आलेला असतो!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले बिल हिलियर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली अशा वर्दळीची उकल मांडली. नकाशावरचे रस्ते म्हणजे सरळ रेघा मानायच्या आणि बाकीच्या साऱ्या रेघांवरून एखाद्या रेघेवर यायला किती वळणं लागतात ते मोजायचं. जिथे वळणं कमी, तिथे पायी माणसं साधारणपणे जास्त. दुकानदार मागाहून येतो, ही वर्दळ बघून. मग त्याच्यासाठी आणखी माणसं येतात. म्हणजे गर्दीचं बी रस्त्याच्या आखणीतच असतं.

आता बुधवार पेठ बघा. पूर्व-पश्चिम लक्ष्मी रस्ता, त्याला छेदणारे बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता. या लांब, सरळ रेघांवर साड्या, दागिने, झगमगत्या काचा. तिथून आत वळून तपकीर गल्लीत शिरलं की वायरी, स्विच, दिव्यांच्या माळा. चालता चालता वायर घ्यायची लहर कुणाला येत नाही. गिऱ्हाईक यादी घेऊन, पत्ता विचारत येतं, त्यामुळे या धंद्याला आतली जागा चालते. टिकलीला मात्र येणाऱ्याजाणाऱ्याची नजरच हवी. कोणता माल कुठे विकायचा याचा हुकूम कुणी काढला नव्हता, तरी प्रत्येकाला आपापली जागा सापडली. मला याचं फार नवल वाटतं.

सगळंच वळणांवर ठरतं असं नाही. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांना शाळांचा शेजार आहे. नूतन मराठी विद्यालय तिथे जवळच, १८८३ सालचं.

पुन्हा तुळशीबागेकडे येऊ. तिथल्या राममंदिराचं काम पेशव्यांच्या पदरी असलेल्या नारो अप्पाजींनी १७६१ मध्ये सुरू केलं. त्या आवाराला एकच दार असतं, तर आत फक्त दर्शनाला येणारेच आले असते. एका दाराने शिरून दुसऱ्याने निघता येतं, म्हणून देवळाचं आवारही वाटेचा भाग झालं. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोचं मंडई स्थानक सुरू आहे. तिथे उतरणाऱ्यासाठी तुळशीबाग मंडईच्या टोकाकडूनच सुरू होते.

पेठांमधले वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. वाट तुटली की वर्दळही आटते, म्हणून त्यांचे नकाशे मंजूर करणाऱ्यांनी आणि त्या बांधणाऱ्यांनी एवढं करावं: दोन रस्ते जोडणारा बोळ हातभर रुंद असला तरी तो बुजवू नये.